‘साभार’ लिहिलं म्हणजे झालं? दुसऱ्याची कविता, फोटो, गाणं शेअर करण्याआधी काय तपासायचं

कवितेखाली ‘साभार : सोशल मीडिया’. फोटोखाली ‘सौजन्य : गुगल’. व्हिडिओखाली ‘ज्याचा असेल त्याला क्रेडिट’. या ओळी मराठी फेसबुक-इन्स्टावर इतक्या रुळल्या आहेत की त्या लिहिल्या की सगळं कायदेशीर झालं, असं पुष्कळांना मनापासून वाटतं. तसं होत नाही. गुगलने तो फोटो काढलेला नाही आणि सोशल मीडिया नावाचा कवी अजून जन्मायचा आहे. श्रेय देणं ही एक गोष्ट, परवानगी असणं ही दुसरी. भारतीय कायद्यात दोन्हींची कलमं वेगळी आहेत आणि एक पाळलं म्हणून दुसरं माफ होत नाही.

कवितांचं पान चालवणारे, यूट्यूबवर अभिवाचन करणारे, गावाचा किंवा सोसायटीचा ग्रुप सांभाळणारे, दुकानाचं इन्स्टा बघणारे यांना डोळ्यासमोर ठेवून हे लिहितो आहे. आधार आहे भारताचा कॉपीराइट कायदा, १९५७. त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. आपल्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाची २०१२ची.

पाया थोडक्यात असा. कविता, लेख, फोटो, चित्र, चाल, ध्वनिमुद्रण, चित्रपट यांवरचा हक्क ती गोष्ट तयार झाली की आपोआप लागू होतो. नोंदणी ऐच्छिक आहे. वर्तुळातलं सी हे चिन्ह नसलं तरी चालतं. त्यामुळे ‘त्यावर कुठे कॉपीराइट लिहिलं होतं?’ हा बचाव होऊ शकत नाही. उलट कल्पना, माहिती, घडलेली घटना यांवर कुणाचाच हक्क नसतो. पुरणपोळीचं साहित्य आणि प्रमाण कुणाच्या मालकीचं नाही. पण एखादीने आपल्या शब्दांत लिहिलेली कृती आणि तिने काढलेले फोटो तिचे.

पायरी १ : शेअर करताय की उचलताय?

बहुतेक वेळा प्रश्न इथेच सुटतो. फेसबुकचं शेअर बटण, इन्स्टाची पोस्ट स्टोरीत घेणं, यूट्यूबची लिंक देणं यात मूळ पोस्ट मूळ माणसाकडेच राहते. त्याने ती काढली तर तुमच्याकडूनही जाते. ही सोय त्या माध्यमाच्या अटींमध्येच असते आणि पोस्ट टाकणाऱ्याने त्या अटी मान्य केलेल्या असतात. याउलट डाउनलोड करून पुन्हा अपलोड करणं, स्क्रीनशॉट काढून आपल्या पानावर डकवणं, स्क्रीन रेकॉर्डिंग करणं म्हणजे नवी प्रत तयार करणं. प्रत काढण्याचा आणि ती लोकांपर्यंत पोचवण्याचा हक्क निर्मात्याचा आहे. दुसऱ्याच्या पोस्टचा मराठी अनुवाद करून टाकणंही यातच येतं, कारण अनुवादाचा हक्कही त्याचाच.

अट एक : ज्याची लिंक देताय तीच गोष्ट चोरीची आहे हे तुम्हाला ठाऊक नसावं. नव्या चित्रपटाची टेलिग्राम लिंक ‘मी फक्त लिंक दिली’ म्हणून निर्दोष होत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपची गोष्ट निराळी. तिथे मूळ पोस्ट अशी उरतच नाही, जे फिरतं ती प्रतच. वर्तमानपत्राच्या ई-पेपरची पीडीएफ रोज सकाळी ग्रुपवर टाकणारे काका प्रत्येक सोसायटीत आहेत. मे २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका हिंदी दैनिकाच्या दाव्यात टेलिग्रामला असे चॅनेल बंद करायला आणि ते चालवणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितलं. २०२२ मध्ये स्पर्धा परीक्षेच्या शिकवणीचं साहित्य फुकट वाटणाऱ्या चॅनेलांबाबतही त्याच न्यायालयाने चालकांची माहिती मागवली. म्हणजे टोपणनावाने चॅनेल चालवलं की आपण सापडत नाही, या समजात राहू नये. काकांना ई-पेपरची लिंक टाकायला सांगा.

ग्रुपचे अ‍ॅडमिन विचारतात, सदस्याने काही टाकलं तर आमच्यावर येतं का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं की समान हेतू दाखवता येत नसेल तर केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून सदस्याच्या मजकुरासाठी त्याला दोषी धरता येत नाही. ते प्रकरण कॉपीराइटचं नव्हतं, हे लक्षात ठेवा. आणि पुस्तकाची पीडीएफ अ‍ॅडमिननेच टाकली असेल तर या निकालाचा त्याला काही उपयोग नाही.

पायरी २ : मूळ माणूस शोधा

मराठीत हे काम सगळ्यात अवघड, आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारंही हेच. पुलं, वपु आणि कुसुमाग्रज यांच्या नावावर त्यांनी कधीही न लिहिलेला इतका मजकूर फिरतो की त्यांच्या नावाने आलेला प्रत्येक फॉरवर्ड खोटा धरूनच सुरुवात करावी. चुकीचं नाव लावल्याने दोघांवर अन्याय होतो : ज्याने लिहिलं त्याचं नाव पुसलं जातं, आणि ज्याच्या नावावर खपवलं त्याच्या माथी भलतंच बसतं.

शोधायचं असं. कवितेतली एखादी वेगळी, सहज न सुचणारी ओळ अवतरणचिन्हांत टाकून सर्च करा. पहिली ओळ बहुधा बदललेली असते, म्हणून मधली घ्या. सापडलेल्या पोस्टांमधली सगळ्यात जुनी तारीख बघा आणि तिथून मागे जा. कवीचं नाव कळलं तर ती कविता त्याच्या संग्रहात खरोखर आहे का, हे ग्रंथालयात किंवा प्रकाशकाकडे विचारा. फोटोसाठी गुगल लेन्स किंवा टिनआय वापरा. टिनआयवर सगळ्यात जुनी नोंद वर आणता येते.

छापील, प्रतिष्ठित वाटणाऱ्या ठिकाणीही घोटाळे सापडतात. ‘आधी बीज एकले’ हा तुकारामांचा अभंग म्हणून अजून शेअर होतो. तो शांताराम आठवले यांनी १९३६च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटासाठी लिहिला. आठवले विसाव्या शतकातले, तेव्हा ‘संतवाङ्मय आहे, सगळ्यांचंच’ हा हिशेब इथे लागत नाही.

मूळ माणूस सापडलाच नाही तर? ‘कवी अज्ञात’ म्हणजे मोकळी, म्हणजे कुणालाही विनापरवाना वापरता येणारी, कविता नव्हे. निनावी आणि टोपणनावाच्या लेखनालाही प्रकाशनापासून ६० वर्षं संरक्षण आहे. अशा वेळी पूर्ण कविता टाकू नये, एवढंच हाती उरतं.

लग्नाच्या फोटोंबद्दल एक गंमत सांगतो, कारण इथे दोन्ही बाजूंचा समज उलटा असतो. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कलम १७ प्रमाणे काढून घेणारा असतो. म्हणजे नवरा-नवरीने आपले फोटो टाकायला फोटोग्राफरची परवानगी लागत नाही. फोटोग्राफरने मात्र ते स्वतःच्या जाहिरातीत वापरण्याआधी त्यांना विचारायला हवं. (पॅकेजच्या कागदावर बारीक अक्षरात वेगळं लिहिलेलं असू शकतं. सही करण्याआधी वाचा.) नोकरीचा भाग म्हणून केलेलं कामही बहुधा मालकाचं असतं, पण वर्तमानपत्रातल्या पगारी छायाचित्रकाराच्या फोटोवर, वेगळा करार नसेल तर, वर्तमानपत्राचा हक्क तो वर्तमानपत्रा-नियतकालिकांत छापण्यापुरताच असतो, बाकी हक्क छायाचित्रकाराचा.

पायरी ३ : मुदत संपली आहे का, हे मोजा

लेखक, कवी, संगीतकार, चित्रकार यांच्या निर्मितीवर हक्क राहतो तो हयातभर आणि मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून पुढे ६० वर्षं. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले, त्यांचं साहित्य १९९१ अखेर मोकळं होणार होतं. त्या वेळी कायदा बदलून मुदत ६० केली. आपले भा. रा. तांबे त्याच १९४१ सालचे, त्यामुळे टागोरांसाठी मिळालेली वाढीव दहा वर्षं त्यांच्याही कवितेला लागली आणि ती १ जानेवारी २००२ला मोकळी झाली.

हिशेब सोपा : मृत्यूचं वर्ष अधिक ६१, त्या वर्षीचा १ जानेवारी. केशवसुत, बालकवी, गडकरी केव्हाच मोकळे. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणून २०११पासून मोकळे. मर्ढेकर (१९५६) २०१७पासून. सावरकर (१९६६) १ जानेवारी २०२७पासून. अत्रे (१९६९) २०३०पासून. गदिमा (१९७७) २०३८पर्यंत थांबायचं. बोरकर (१९८४) २०४५. कुसुमाग्रज (१९९९) आणि पुलं (२०००) यांच्यासाठी २०६० आणि २०६१ उजाडावं लागेल. म्हणजे मराठी पानांवर सगळ्यात जास्त शेअर होणारं साहित्य नेमकं हक्काखालचं आहे.

बहिणाबाईंचा हिशेब वेगळा. त्या १९५१मध्ये गेल्या आणि त्यांच्या कवितांचं पुस्तक १९५२मध्ये आलं. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध झालेल्या साहित्याची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. म्हणून त्या पुस्तकातल्या कविता मोकळ्या झाल्या १ जानेवारी २०१३ला. एखाद्या जुन्या कवीची वही आज कुणी पहिल्यांदा छापली, तर तिला आजपासून नवी मुदत मिळते.

चित्रपट आणि ध्वनिमुद्रणं यांना प्रदर्शनापासून ६० वर्षं. फोटोंना २०१२पर्यंत प्रकाशनापासून ६० वर्षं होती, आता छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६०. त्यामुळे १९५१पर्यंत प्रसिद्ध झालेले फोटो बदलाआधीच मोकळे झाले होते. नंतरच्या फोटोला छायाचित्रकार कोण होता हे शोधावं लागतं.

घोटाळा होतो तो थरांमध्ये. ज्ञानेश्वर-तुकारामांचे शब्द सगळ्यांचे. पण आजच्या अभ्यासकाने केलेला अर्थ, टीपा, प्रस्तावना त्याची. अभंगाचे शब्द मोकळे, पण भीमसेन जोशींच्या आवाजातल्या त्याच अभंगाचं ध्वनिमुद्रण मोकळं असेलच असं नाही, आणि चाल बांधणाऱ्या संगीतकाराचा हक्क आणखी वेगळा. तांब्यांच्या गाण्यांचंही तसंच. मोकळी कविता स्वतः म्हणून, स्वतःच रेकॉर्ड करून टाका; अडचण नाही.

सरकारी म्हणजे फुकट, हाही गैरसमज. सरकारी प्रकाशनांनाही ६० वर्षं हक्क आहे. राजपत्रातला मजकूर आणि न्यायालयाचे निकाल मात्र, न्यायालयाने मनाई केली नसेल तर, देता येतात.

लंडन किंवा न्यू जर्सीत बसून पान चालवत असाल तर तिथली मुदतही बघा. युरोपात साधारणपणे मृत्यूनंतर ७० वर्षं, अमेरिकेत जुन्या छापील साहित्याला प्रकाशनापासून ९५ वर्षं.

पायरी ४ : आधीच दिलेली परवानगी आहे का?

विकिमीडिया कॉमन्स, मराठी विकिपीडिया, विकिस्रोत इथलं साहित्य बहुतांशी अशा परवान्याखाली असतं की अटी पाळल्या की विचारायची गरज नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांमधली अक्षरं ओळखा. ‘बीवाय’ म्हणजे नाव द्या. ‘एसए’ म्हणजे तुम्ही बदल करून जे बनवाल तेही याच परवान्याखाली द्या. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नको. दुकानाच्या, क्लासच्या, पैसे मिळवून देणाऱ्या पोस्टसाठी हा फोटो वर्ज्य. ‘एनडी’ म्हणजे बदल करून पुढे देऊ नका. ‘शून्य’ म्हणजे सगळं मोकळं.

श्रेय असं लिहा : ‘रायगडाचा फोटो : (छायाचित्रकाराचं नाव), विकिमीडिया कॉमन्स, परवाना सीसी बीवाय-एसए ४.०, कडा कापल्या आहेत’, आणि सोबत लिंक. नाव, ठिकाण, परवाना, केलेला बदल हे चारही हवं. गुगल इमेजेसमध्ये वापराच्या हक्कांचा फिल्टर लावता येतो, पण तो नुसता इशारा समजा. मूळ पानावर जाऊन परवाना डोळ्यांनी वाचा. अनस्प्लॅश, पेक्सेल्ससारख्या साइटवर नाव देणं बंधनकारक नसतं. तरी द्यावं.

पायरी ५ : कलम ५२ तुमच्या बाजूने आहे का?

यूट्यूबवर मराठी व्हिडिओंखाली ‘कॉपीराइट कायदा १९७६, कलम १०७’ असा लांबलचक परिच्छेद डकवलेला दिसतो. तो कायदा अमेरिकेचा आहे. आपल्याकडे लागू होतं कलम ५२, आणि त्यात सवलतींची ठरावीक यादी आहे : खासगी वापर व संशोधन, टीका किंवा समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन, वगैरे. आपला वापर यादीत बसला तरी तो वाजवी हवा.

वाजवी किती? कायद्यात सेकंद किंवा ओळी दिलेल्या नाहीत. ‘३० सेकंदांपर्यंत चालतं’ ही शुद्ध दंतकथा. मी स्वतः असं बघतो : घेतलेला तुकडा काढला तर माझं म्हणणं लंगडं पडतं का? कादंबरीवर लिहिताना तिच्यातल्या चार ओळी देऊन त्यांच्याबद्दल बोललात, तर ती समीक्षा. चार ओळींच्या कवितेच्या चारही ओळी देऊन खाली ‘व्वा! क्या बात है!’ लिहिलंत, तर ती समीक्षा नव्हे. चित्रपटाच्या क्लिपवर कोपऱ्यात आपला हसरा चेहरा ठेवणं हेही तसंच. बातम्यांच्या क्लिपबाबत सावध राहा. एका वृत्तसंस्थेची दृश्यं वापरल्यावरून यूट्यूबरांना आलेल्या स्ट्राइकचा (हक्कदाराच्या तक्रारीवरून यूट्यूब चॅनेलवर लावतं त्या ठपक्याचा) वाद मे २०२५ मध्ये देशभर गाजला.

अभिवाचनवाल्यांसाठी : प्रकाशित साहित्यातले वाजवी उतारे लोकांसमोर वाचायला कलम ५२ मुभा देतं. आख्खी कथा वाचून ती कायमची यूट्यूबवर ठेवणं त्यात बसत नाही. उत्तम आवाज, मनापासूनची मेहनत, सगळं खरं. तरी लेखकाला विचारायला हवं.

चौकातला पुतळा, सार्वजनिक जागी कायम असलेलं शिल्प यांचे फोटो खुशाल काढा आणि टाका. त्याला स्पष्ट सूट आहे.

पायरी ६ : विचारा, आणि लेखी घ्या

वरच्या कशातच बसत नसेल तर विचारणं उरतं. लोक यालाच लाजतात, आणि मला त्याचं आश्चर्य वाटतं, कारण बहुतेक कवी नुसतं विचारल्यावरच खूश होतात. हयात लेखकाला थेट लिहा. हयात नसतील तर पुस्तकाच्या शीर्षकपानामागे ‘हक्क : …’ अशी ओळ असते, तिथे वारसाचं किंवा संस्थेचं नाव मिळतं, नाही तर प्रकाशकाला फोन करा. परवाना लेखी असावा असं कायदा सांगतो, म्हणून फोनवर ‘हो हो, टाका’ मिळालं तरी नंतर ईमेल किंवा मेसेजवर तेच पक्कं करून घ्या.

मेसेज असा पाठवता येईल :

‘नमस्कार. मी (नाव). फेसबुकवर (पानाचं नाव) हे कवितांचं पान चालवतो. आपली (कवितेचं नाव) ही कविता आपल्या नावासह, कोणताही बदल न करता, या पानावर एकदा प्रसिद्ध करण्याची परवानगी हवी आहे. पानावर जाहिरात नाही. इन्स्टाग्रामवर टाकायची असल्यास वेगळं विचारेन. नाव कसं द्यावं आणि कोणत्या संग्रहाचा उल्लेख करावा, तेही कृपया कळवावं. आपण नाही म्हणालात तरी हरकत नाही.’

काय, कुठे, किती वेळा, बदल करणार का, पैसे मिळणार का : हे सगळं त्यात आलं पाहिजे. उत्तर आलं नाही तर आठवड्याभराने एकदा आठवण करा. तरीही शांतता असेल तर तो नकार समजा. ‘दोन दिवसांत उत्तर न आल्यास होकार समजू’ असं लिहिणारे आहेत. तसं समजता येत नाही. आलेल्या होकाराचा स्क्रीनशॉट तारखेसह एका फोल्डरमध्ये ठेवा.

परवानगी मिळाल्यावरही कलम ५७ उरतं. हक्क विकून टाकले तरी आपलं नाव लागण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा लेखकाचा अधिकार जात नाही. म्हणून नाव हॅशटॅगच्या ढिगात पुरू नका, कवितेच्या लगेच खाली द्या. वॉटरमार्क कापू नका. शेवटचं कडवं ‘सकारात्मक’ करण्याचा मोह आवरा.

गाणी, आणि फोटोतली माणसं

इन्स्टाच्या लायब्ररीतलं गाणं वैयक्तिक रीलला चालतं, पण बिझनेस अकाउंटला ती लायब्ररी मर्यादित मिळते. दुकानदार मग वैयक्तिक अकाउंट काढून त्यावर साड्यांची जाहिरात करतात. वापर व्यापारीच राहतो. मेटाचं साउंड कलेक्शन आणि यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी यात जाहिरातीलाही चालणारं संगीत मिळतं. एका माध्यमावर घेतलेलं गाणं दुसऱ्या माध्यमावर नेऊ नका, तो परवाना तिथपुरताच असतो. लग्नाच्या वरातीत गाणं वाजवायला कायद्यात सूट आहे, पण त्याच गाण्यावर बेतलेली रील टाकायला ती सूट पुरेल असं धरू नका.

फोटोचा हक्क तुमचा असला तरी त्यातला माणूस तुमचा नाही. लहान मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय टाकू नयेत. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा तर थेट गुन्हा आहे, बातमी कितीही संतापजनक असो.

तक्रार आलीच तर

निर्मात्याने मेसेजवर हरकत घेतली तर पोस्ट आधी काढा, मग बोला. ‘तुमचीच प्रसिद्धी होतेय की’ हे उत्तर देऊ नका. साध्या मेसेजवर मिटणारं प्रकरण त्या एका वाक्याने वकिलाच्या नोटिशीपर्यंत जातं. पोस्ट काढण्याआधी तिचा स्क्रीनशॉट आणि तुमच्याकडची परवानगी जपून ठेवा.

यूट्यूबवर दोन गोष्टींत गल्लत होते. कंटेंट आयडीचा (दुसऱ्याचं गाणं किंवा दृश्य आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा) क्लेम आला तर सहसा जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात किंवा व्हिडिओ अडतो. चॅनेलवर डाग लागत नाही. कॉपीराइट स्ट्राइक गंभीर : ९० दिवसांत तीन झाल्या तर चॅनेल बंद होऊ शकतं. एकच स्ट्राइक असेल तर यूट्यूबचं कॉपीराइटचं छोटं प्रशिक्षण पूर्ण करा, ती ९० दिवसांनी उतरते. किंवा हक्कदाराशी बोलून त्याला ती मागे घ्यायला सांगा. खरोखर परवानगी किंवा कलम ५२चा आधार असेल तरच प्रतिदावा करा, म्हणजे व्हिडिओ काढणं चुकीचं होतं असं यूट्यूबला रीतसर कळवा. त्यानंतर समोरच्याला कामकाजाचे १० दिवस मिळतात. तेवढ्यात त्याने न्यायालयात गेल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येऊ शकतो. प्रतिदाव्यात तुमचं खरं नाव-पत्ता समोरच्याकडे जातो, हे आधी लक्षात घ्या.

जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. धंद्यात फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं, म्हणून नोटिशीवर पोलीस किंवा न्यायालयाचा उल्लेख दिसला तर फेसबुक ग्रुपवर सल्ला विचारत बसू नका, त्याच दिवशी वकील गाठा.